‘ई’ला नाव देणारा गणिती

कोणत्याही माहितीसाठ्याला एसक्यूएल भाषेत ‘ईएक्सपी(१)’ एवढे विचारले की २.७१८२८१८२८ हे उत्तर क्षणात येते. या संख्येला ‘ई’ हे अक्षर देणारे लिओनार्ड ऑयलर १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जन्मले. वडील धर्मोपदेशक, मुलानेही तोच मार्ग धरावा, ही त्यांची इच्छा. परंतु दर शनिवारी दुपारी या मुलाच्या शंकांचे निरसन करणाऱ्या योहान बर्नोली यांनी वडिलांचे मन वळवले.

योहान यांचे थोरले बंधू याकोब यांना चक्रवाढ व्याजाचा विचार करताना ही संख्या आधीच भेटली होती. नाव मात्र मिळाले ते ऑयलर १७२७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेल्यानंतर. १७४८ च्या ग्रंथात त्यांनी तिची २३ दशांश स्थळे दिली आणि लॉगरिदम म्हणजे उलट बाजूने पाहिलेला घातांकच, हे ठसवले.

आजचा प्रोग्रॅमर नेमका याच नात्यावर विसंबतो. प्रमाणित एसक्यूएलमध्ये रकान्याची बेरीज करणारे ‘सम’ आहे, गुणाकार करणारे काहीच नाही. मग प्रत्येक संख्येचा ‘एलएन’ घ्यायचा, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेवर ‘ईएक्सपी’ लावायचे. पहिल्या वर्षी ८ टक्के व दुसऱ्या वर्षी १० टक्के व्याज असेल, तर १.०८ आणि १.१० यांचा गुणाकार १.१८८ असा हाती येतो. ऋण संख्या आली की मात्र ही युक्ती अडते. ऋण संख्येच्या लॉगरिदमवरून लायब्निझ आणि योहान बर्नोली यांच्यातही वाद झाला होता. ऑयलर यांनी बर्लिनमधील वास्तव्यात तो मिटवला. निकाल गुरूंच्याही विरुद्ध गेला.

उजव्या डोळ्याची दृष्टी त्यांनी तिशीतच गमावली होती. १७६६ मध्ये ते पीटर्सबर्गला परतले आणि मोतीबिंदूने दुसराही डोळा अधू झाला. १७७१ च्या आगीत घर भस्मसात झाले. बाझलच्याच एका माणसाने या अंध वृद्धाला बाहेर काढले. त्याच वर्षीच्या शस्त्रक्रियेने आलेली दृष्टी लवकरच पुन्हा गेली. तरीही आपले जवळपास निम्मे लेखन त्यांनी या काळात मुलांना व साहाय्यकांना सांगून लिहवून घेतले. प्रचंड आकडेमोड ते मनातच करीत.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी युरेनसच्या कक्षेविषयी सहकाऱ्यांशी चर्चा केल्यानंतर त्यांचे निधन झाले. त्यांचे शिल्लक निबंध छापण्याचे काम पीटर्सबर्गच्या अकादमीला त्यानंतर कित्येक दशके पुरले.