बर्फाळ डोंगरवाटांवरचा सोलापूरकर

सोलापूर हे कडक उन्हाचे शहर. मार्च सरता सरता येथील पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात भर दुपारी रस्ते ओस पडतात. बर्फ पाहायचा तर तो सरबताच्या गाडीवर. अशा शहरात जन्मलेल्या एका डॉक्टराने उत्तर चीनच्या हिमाच्छादित डोंगरांत अंगावर वळकटी आणि शिधा घेऊन रात्ररात्र वाटा तुडवल्या आणि वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्यांचे नाव. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने ते घरोघरी पोहोचवले. मात्र चित्रपटातील नाट्यापेक्षा त्यांच्या प्रत्यक्ष आयुष्यातील चाल अधिक खडतर होती.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात कोटणीस यांचा जन्म झाला. ते विशीत असताना, १९३० साली, सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला. त्यानंतर मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. परक्या सत्तेचे जोखड म्हणजे काय, हे त्या काळातील सोलापूरच्या तरुणांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून कोटणीस डॉक्टर झाले. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती. समोर चारचौघांसारखे स्थिर आयुष्य दिसत होते.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली आणि १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस असे पाच जणांचे पथक सिद्ध झाले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबई बंदरातून निघाले. युद्धाचा अनुभव कोटणीस यांच्या गाठीशी नव्हता.

चीनच्या अंतर्भागात चुंगकिंग येथे असताना त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरची जबाबदारी होती आणि मागे फिरण्यासाठी यापेक्षा रास्त कारण कोणते असू शकते? सहकाऱ्यांनीही परतण्याचा सल्ला दिला. कोटणीस परतले नाहीत. हाती घेतलेले काम अर्धवट टाकून घरी जाणे त्यांच्या मनाला पटले नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. माओ त्से तुंग यांच्या नेतृत्वाखालील साम्यवाद्यांचे ते केंद्र होते. डोंगर पोखरून केलेल्या गुहांमध्ये तेथील रुग्णालय चालत असे.

नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस यांनी प्रत्यक्ष आघाडीची वाट धरली. कॅनडाचे विख्यात शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून उत्तरेकडे वुताईच्या परिसरात कार्य करीत होते आणि त्यांच्यासमवेत काम करण्याची या तिघांची मनीषा होती. परंतु ते वाटेत असतानाच, १२ नोव्हेंबरला, बेथून यांचा अंत झाला. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून रक्तात विष भिनले होते. ज्याच्या भेटीसाठी निघावे तोच उरला नाही, अशी ही स्थिती. तरीही तिघे पुढे चालतच राहिले.

हा प्रवास कसा होता याची कल्पना करण्यासाठी तेथील भूगोल ध्यानात घ्यावा लागेल. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. वुताई पर्वताचे सर्वोच्च शिखर ३,००० मीटरहून उंच. हिवाळ्यात या डोंगरांवर पारा शून्याच्या खूप खाली उतरतो. रेल्वेमार्गांवर जपान्यांची ठाणी होती आणि ठिकठिकाणी बुरुज बांधलेले होते. त्यामुळे शत्रूच्या कक्षेतील टप्पा रात्रीच पार करावा लागे. वाट दाखवायला गावचे शेतकरी असत. दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही, रांग तुटू द्यायची नाही. अंगात कापूस भरलेला सुती गणवेश, पायांत कापडी जोडे, पाठीवर रजई आणि खांद्यावरून तिरकी घेतलेली राळ्याची लांब पिशवी, एवढाच सैनिकाचा संसार. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या या सोलापूरकराने राळ्याची पेज आनंदाने आपलीशी केली.

चढणीवर घाम येतो. थांबताच तोच घाम थंड पडून अंग गारठवतो. त्यामुळे बर्फात रात्री थांबणे हे चालण्याइतकेच धोक्याचे असते. त्यातच औषधे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे सांभाळून न्यायची. बेथून यांनी यासाठी खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना बसेल असे एक खोगीर तयार करून घेतले होते. त्याच्या कप्प्यांत ड्रेसिंगपासून हत्यारांपर्यंत सारे मावे. मुक्कामी पोहोचताच एखाद्या घरात वा देवळात टेबल मांडून शस्त्रक्रिया सुरू होई. रुग्णालयच डोंगर चढत होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

प्रकृती ढासळल्याने अटल परतले. पुढे बसू यांनाही येनानला बोलावणे आले. चोळकर आणि मुखर्जी त्यापूर्वीच मायदेशी गेले होते. आघाडीवर कोटणीस एकटे उरले. १९४० च्या उत्तरार्धात शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून ओळखली जाणारी मोठी लढाई झाली. तीत १३ दिवसांत त्यांच्या पथकाकडे ८०० जखमी आले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. चिनी भाषा आत्मसात करून ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. चिनी लोक त्यांना के तिहुआ म्हणत.

त्याच वर्षी जपान्यांनी मोठी शोधमोहीम हाती घेतली. गावेच्या गावे जाळली गेली. जखमींना स्ट्रेचरवर घालून, कधी खांद्यांवर घेऊन, डोंगरांतील आडवाटांनी हलवावे लागले. याच धामधुमीच्या वर्षात परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र जन्मला. त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

सततचे श्रम, अपुरा आहार आणि थंडी यांनी शरीर खचत चालले होते. अपस्माराचे झटके येऊ लागले. विश्रांती घ्यावी, असा आग्रह झाला. कोटणीस मात्र शिकवत राहिले, शस्त्रक्रियाशास्त्रावरील ग्रंथ लिहीत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता. हाती घेतलेला ग्रंथ अपुरा राहिला.

कोटणीस यांच्या थोरवीचे मर्म कशात आहे? एखाद्या क्षणी उसळलेल्या शौर्याने माणूस एक रात्र बर्फातून चालून जाऊ शकतो. कोटणीस यांना मात्र माघारी वळण्याचे सबळ कारण वारंवार मिळत गेले. वडील गेले, बेथून गेले, सोबती परतले, आजार जडला. यांतील कोणत्याही वळणावर ते परतले असते, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. प्रत्येक वेळी त्यांनी पुढची वाट धरली. त्याची किंमत सोलापूरच्या घराने आणि त्या तान्ह्या मुलानेही मोजली, हेही विसरता कामा नये. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली ऐन तारुण्यात मरण पावला.

चीनमधील शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत आज कोटणीस चिरनिद्रा घेत आहेत. सोलापुरात भय्या चौकातील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर झाले आहे. दोन्ही देशांचे संबंध १९६२ च्या युद्धासह कितीतरी चढउतारांतून गेले. या नावाविषयीचा आदर मात्र ओसरला नाही. सोलापूरकरांनी आपल्या मुलाबाळांना एकदा तरी त्या घरी न्यावे आणि बर्फ न पाहिलेल्या या गावातला एक डॉक्टर किती लांबची, किती थंड वाट चालून गेला, हे त्यांना जरूर सांगावे.