हजेरीपटावरील भिवा



सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची इंग्रजी पहिलीच्या वर्गात नोंद झाली. रजिस्टरमधील क्रमांक १९१४. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या शाळेने हे रजिस्टर जपून ठेवले आहे आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आमच्याही शाळेत भाषणे होतात, प्रतिमेला हार घातला जातो. मी पेशाने मास्तर; हजेरीपट रोज माझ्या हातात असतो. म्हणून या नोंदीकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहतो. नाव दाखल झाले हे खरे. पण मूल वर्गात दाखल झाले होते काय? बाबासाहेबांचे चरित्र आपणांपैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. तरी या एका प्रश्नाचे बोट धरून ते पुन्हा एकवार माझ्याबरोबर चालून पहा.

त्या काळच्या वर्गात मुले नंबराप्रमाणे बसत. हुशार मूल वर सरके, ढ मूल खाली जाई. सुभेदार रामजींच्या या मुलाला मात्र नंबर असून नंबराची जागा नव्हती. त्याने वर्गाच्या कोपऱ्यात एकट्याने बसायचे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. वर्ग झाडणारा शाळेचा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. इतर मुलांना तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरे होई. भिवाला परवानगी मिळूनही भागत नसे. नळ सोडायला शिपाई लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. घरीही तीच तऱ्हा. पैसे मोजायची तयारी असूनही परीट कपडे घेत नसे, न्हावी डोक्याला हात लावीत नसे. कपडे बहिणी धूत, केसही बहीणच कापी. दहाव्या वर्षाच्या आत हा मुलगा असा बराच अभ्यासक्रम शिकला होता.

त्या शाळेत मायेची माणसे नव्हती असे नाही. आंबेडकर याच आडनावाचे एक ब्राह्मण गुरुजी मधल्या सुटीत आपल्या डब्यातील भाजी-भाकरी भिवाला देत. बाबासाहेब ती भाकरी आयुष्यभर विसरले नाहीत. पुढे गोलमेज परिषदेला निघताना या गुरुजींचे प्रेमळ पत्र आले, तेही त्यांनी जपून ठेवले. वाचकहो, या गुरुजींविषयी मनात आदर ठेवूनच मी एक गोष्ट नमूद करतो. भाकरी रोज मिळत होती आणि गोणपाटही रोज अंथरले जात होते. एका माणसाच्या दयेने वर्गातली मांडणी बदलली नाही. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट टोचली पाहिजे. गरीब मुलाला वही घेऊन देणे सोपे असते. तो कुठे आणि कुणाशेजारी बसतो, फळ्यापाशी त्याला किती वेळा बोलावले जाते, हे पाहणे तितके सोपे नसते.

फळ्यावरून पुढची हकीकत आठवते. रामजी मुंबईस आले, परळच्या चाळीत एका खोलीत संसार मांडला. दोन्ही मुलांना शिकविण्याची ऐपत राहिली नाही, तेव्हा थोरले आनंदराव शिक्षण सोडून नोकरीस लागले. एकाची शाळा दुसऱ्याच्या शाळेच्या मोलाने चालू राहिली. आपल्या किती घरांत हेच घडले आहे! भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. एकदा शिक्षकांनी त्याला गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तशी वर्गात आरडाओरड झाली. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते, ते विटाळतील म्हणून. मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले आणि मग या विद्यार्थ्याचा हात फळ्याला लागला. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती, तीही नाकारली गेली. फारसी घ्यावी लागली.

परळच्या त्या खोलीत स्वयंपाक, निजणे, माणसांचा राबता, सारेच एकत्र. मग अभ्यास कुठे करायचा? रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला उठवीत आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागी स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी हाती पैसा नसे तेव्हा लग्न झालेल्या मुलींकडे हात पसरीत, त्यांचे दागिने गहाण ठेवीत. शाळेने जी जागा दिली नाही ती या बापाने आपल्या झोपेतून काढून दिली, असे मला नेहमी वाटते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. गुणपत्रिकेवरून मुलाचे भविष्य सांगणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात शिकत असताना तेथील हॉटेलवाला त्याला चहापाणी देत नसे. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर मात्र जगात असाही वर्ग असतो, असेही जेवणाचे टेबल असते, हे त्याने अनुभवले.

एवढी विद्या मिळवून हा माणूस १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाला, तेव्हा कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने कागद लांबून टाकीत. राहायला जागा मिळेना. पुढच्या वर्षी सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली. साताऱ्याचा नळ मुंबईच्या कॉलेजापर्यंत पाठीशी आला होता.

यापुढचे त्यांचे काम पहा. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि तिने प्रथम हाती घेतलेल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते. ते १९२५ साली सुरू झाले. वसतिगृहच का? हायस्कुले शहरात, मुले खेड्यात, आणि शहरात महार-मांगाच्या पोराला भाड्याने खोली कोण देणार? निजायला जागा, दोन वेळचे अन्न आणि दिव्याखाली बसण्याची सोय नसेल, तर हायस्कूलचा दरवाजा उघडा असून काय उपयोग? परळच्या खोलीत रात्री दोनला उठलेल्या माणसाला हे कुणी सांगावे लागले नाही.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. प्राथमिक शाळेत घातलेल्या दर १०० मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ १८ पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. आम्ही शिक्षक याला गळती म्हणतो; जणू मडके शाबूत आहे आणि पाणीच आपल्या मर्जीने निघून गेले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हाही हिशेब त्यांनी त्याच भाषणात दिला. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर उतरले. इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या पानांवर असतात. शिपाई नाही तर पाणी नाही, हे ज्याने वर्गात बसून सोसले, त्याच्या आयुष्यात ती एकच होती.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. मला विशेष वाटते ते हे की, ज्याला कोपऱ्यात बसविले त्याने आपल्या कॉलेजात कुणासाठी कोपरा ठेवला नाही. सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश होता.

१९५० साली मराठवाड्यात, त्या वेळच्या औरंगाबादला, सोसायटीने दुसरे कॉलेज काढले. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या त्या मुलखातील खेड्यापाड्यांची मुले तेथे आली. त्यांतील कितीएक घराण्यातील पहिलीच शिकणारी होती. त्या कॉलेजला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. नागसेन भिक्खूंसारखा गुरू समोर असूनही ज्याने प्रश्नांवर प्रश्न विचारले, शंका फिटल्याशिवाय मान डोलावली नाही, तो हा ग्रीक राजा. बाबासाहेबांनी विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून ठेवला तो आज्ञाधारक शिष्य नव्हे, प्रश्न विचारणारा माणूस. त्या माळावर इमारती उठत असताना ते दिल्लीहून येत, नकाशे पाहत, बांधकामावर स्वतः नजर ठेवीत, आणि मुलांच्या वसतिगृहांभोवती झाडे लावून घेत.