विल्यम कॅरी आणि त्यांचे मराठी पंडित



चित्रकार रॉबर्ट होम यांनी १८१२ च्या सुमारास काढलेलं एक तैलचित्र आहे. त्यात विल्यम कॅरी बसलेत आणि सोबत त्यांचे बंगाली पंडित मृत्युंजय विद्यालंकार आहेत.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमध्ये झाला. जोडे शिवता शिवता ते लॅटिन, ग्रीक शिकले. १७९३ मध्ये धर्मप्रसारासाठी ते बंगालमध्ये आले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत आणि चक्क मराठीही शिकवायचे! १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत होते. ९ जून १८३४ रोजी त्यांचं निधन झालं.

मराठीच्या कामात त्यांना मोठी मदत केली ती आपल्या नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांनी. त्या चित्रात मात्र ते नाहीत. म्हणून मुलांना कॅरींची माहिती सांगताना वैजनाथांचं नावही आवर्जून सांगा.

आपल्या बाभुळगावकडेही घरी गोरमाटी बोलणारी लेकरं शाळेत येतात. त्यांच्या भाषेचे पंडित तीच आहेत. त्यांच्याकडून रोज चार शब्द आपणही शिकूया.