मेरी शेली : पहिल्या आवृत्तीवर जिचं नावच नव्हतं

'फ्रँकेन्स्टाइन' म्हटलं की मुलांना सिनेमातला राक्षस आठवतो. खरं तर ते त्याला बनवणाऱ्याचं नाव आहे. राक्षसाला लेखिकेने नाव दिलेलंच नाही.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारी धाडसी बाई. मुलगी अकरा दिवसांची असताना ती वारली. वडील विल्यम गॉडविन मोठे विचारवंत. मेरीची शाळा नावापुरतीच, खरं शिक्षण वडिलांच्या पुस्तकांत झालं. पुढे सोळा वर्षांची असताना ती कवी पर्सी शेलीबरोबर घर सोडून गेली. तो आधीच लग्न झालेला. वडिलांनी बोलणंच टाकलं. १८१५ मध्ये तिची पहिली मुलगी थोड्याच दिवसांत गेली.

१८१६ चा उन्हाळा भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखा आहे. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्यामुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा जाणवलाच नाही, नुसता पाऊस आणि गारठा. जिनिव्हा सरोवराकाठी मंडळी घरात अडकली. कवी बायरनने टूम काढली, प्रत्येकाने भुताची एक गोष्ट लिहायची! मेरी तेव्हा अठरा वर्षांची, पदरात काही महिन्यांचा मुलगा. विजेने मेलेल्या बेडकाचे पाय हलतात, या प्रयोगांची तेव्हा चर्चा होती. त्यातून तिची गोष्ट उभी राहिली. एक तरुण शास्त्रज्ञ जीव निर्माण करतो आणि त्याचं रूप बघून घाबरून पळ काढतो. टाकून दिलेलं ते पोर पुढे जे करतं, ते वाचताना मला राक्षसापेक्षा पळून गेलेल्याचाच जास्त राग येतो.

दोन प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारलं. शेवटी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये पुस्तक निघालं. तीन खंड, फक्त ५०० प्रती, आणि लेखकाचं नाव नाही! प्रस्तावना पर्सीने लिहिलेली, त्यामुळे पुस्तकही त्याचंच असं अनेकांना वाटलं. मेरीचं नाव छापलं गेलं १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर. ती वडिलांनीच काढून घेतली.

मधल्या पाच वर्षांत तिची आणखी दोन मुलं गेली आणि १८२२ मध्ये पर्सी इटलीजवळच्या समुद्रात बुडाला. त्यानंतर जिनोआत तिने पहिल्या आवृत्तीची एक प्रत ओळखीच्या बाईंना भेट दिली. त्यात तिने स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या आहेत. ती आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. म्हणजे छापून झालं तरी हिचं लिहिणं चालूच! १८३१ मध्ये तर तिने कादंबरी बरीच बदलून पुन्हा काढली. उरलेल्या एकुलत्या मुलाला तिने लेखणीच्या जोरावर वाढवलं, शिकवलं. १ फेब्रुवारी १८५१ ला ती गेली, तेव्हा वय ५३.

सप्टेंबर २०२१ मध्ये त्या ५०० पैकी एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ११ लाख ७० हजार डॉलरला विकली गेली, म्हणजे आठ कोटींहून जास्त रुपये. त्या काळी पुस्तक साध्या पुठ्ठ्यात मिळायचं आणि लोक हौसेने चामड्याची बांधणी करून घ्यायचे. ही प्रत मात्र मूळ पुठ्ठ्यातच राहिली होती.