मेरिट म्हणजे कोण?

आमच्या घरी गेल्या दिवाळीनंतर एक जुने पायमशीन आले. काळे, लोखंडी, उजव्या अंगाला मोठे चाक, खाली कातडी पट्टा आणि पाय ठेवण्याची जाळीदार पट्टी. त्याच्या मानेवर सोनेरी अक्षरांत मेरिट असे नाव आहे, निम्मे पुसलेले. माझी धाकटी बहीण यंदा आठवीत आहे. तिने पहिल्याच दिवशी मला विचारले, दादा, मेरिट म्हणजे काय? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मेरिट म्हणजे गुणवत्ता, मेरिट लिस्टमधले, असे सांगून मोकळा झालो. पुढे ग्रंथालयात चाळाचाळ केली तेव्हा कळले की आपण साफ चुकलो. मेरिट हे एका माणसाचे मधले नाव आहे. आयझॅक मेरिट सिंगर हे त्याचे पूर्ण नाव, आणि सिंगर कंपनीने त्याच्याच मधल्या नावावरून हा छाप काढला. बहिणीला दिलेले उत्तर दुरुस्त करावे म्हणून हे चरित्र लिहीत आहे. विद्यार्थी मित्रांनी गोड मानून घ्यावे.

सिंगरचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क संस्थानातील पिट्सटाउन गावी झाला. बाप जर्मनीहून आलेला, हातावर पोट असलेला. आयझॅक दहा वर्षांचा असताना आईबापांचा काडीमोड झाला आणि थोड्याच दिवसांत हे पोर घर सोडून थोरल्या भावाकडे गेले. शाळा जेमतेम. लोहारकाम, सुतारकाम, यंत्रशाळेतील उमेदवारी असे करीत हात तयार झाला. पण मन मात्र तिथे नव्हते. त्याला नट व्हायचे होते. उंचापुरा देह, खडा आवाज, आणि चारचौघांत उठून दिसण्याची हौस. आपल्याकडे तमाशाच्या फडामागे पळून गेलेल्या पोरांच्या गोष्टी आपण ऐकतो, तसाच हा प्रकार. फिरत्या नाटक मंडळीत तो शिरला. १८३० मध्ये लग्न झाले. पण संसारात पाय टिकला नाही.

१८३९ मध्ये त्याने खडक फोडण्याचे एक यंत्र तयार केले आणि त्याचे पेटंट दोन हजार डॉलरला विकले. एखादा शहाणा माणूस या पैशावर दुकान थाटता. सिंगरने नाटक कंपनी काढली! तिचे नाव मेरिट प्लेअर्स. पाचेक वर्षे गावोगाव हिंडून पैसे संपले, कंपनी बुडाली, आणि ओहायोतल्या एका खेड्यात तो छापखान्यात कामाला लागला. तिथे लाकडी टाइप कोरण्याचे यंत्र करण्याचा नाद लागला. ते यंत्र घेऊन तो न्यूयॉर्कला आला. तर कारखान्यातला बॉयलर फुटला आणि यंत्राचा चुराडा झाला. या वेळी त्याचे वय चाळिशीला टेकले होते.

जॉर्ज झायबर नावाच्या माणसाने त्याच्यावर पैसा लावला आणि दोघे बॉस्टनला ऑर्सन फेल्प्स याच्या कारखान्यात आले. तिथे शिवणयंत्रे दुरुस्तीला येत. ती सतत बिघडत. सिंगरने एक यंत्र उघडून पाहिले. आतला धोटा, म्हणजे खालचा दोरा नेणारे शटल, गोल गोल फिरत होता आणि सुई वाकडी होती. प्रत्येक फेरीत दोऱ्याला पीळ पडे आणि तो तुटे. सिंगरचे म्हणणे असे पडले की विणकराच्या मागावर धोटा जसा इकडून तिकडे सरळ जातो तसा तो सरळ जावा, आणि सुईही सरळ असून वरून खाली यावी. मागाची खटखट ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या भागातील वाचकाला ही गोष्ट एका वाक्यात पटेल.

चाळीस डॉलर खर्च आणि अकरा दिवस. अकराव्या रात्री यंत्र जुळले. पण शिवण घट्ट येईना, दोऱ्याचे फास कापडावर लोंबत राहिले. थकून दोघे घराकडे निघाले आणि वाटेत लाकडाच्या ढिगावर बसले असता सिंगरला आठवले की वरच्या दोऱ्याचा ताण बसवायचाच राहिला. परत जाऊन स्क्रू बसवला आणि पाच टाके नीट पडले, अशी हकिगत सांगितली जाते. ही हकिगत मला मनापासून खरी वाटते, कारण आमच्या घरीही पहिल्या आठवड्यात नेमके हेच झाले. बहिणीच्या शिवणीखाली दोऱ्याचे जाळे होई आणि ती रडकुंडीला येई. गल्लीतल्या शिंपीमामांनी येऊन वरचा दोरा काढला, ताणाच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसवून पुन्हा ओवला, आणि जाळे थांबले. खालून जाळे दिसले तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो, हे नवशिक्याला कोणी आधी सांगत नाही.

१२ ऑगस्ट १८५१ रोजी सिंगरला पेटंट मिळाले. मात्र शिवणयंत्र त्याने शोधले असे म्हणणे बरोबर नाही. फ्रान्समध्ये थिमॉनिए नावाच्या शिंप्याने त्याआधी वीस वर्षे यंत्र केले होते आणि त्यावर लष्कराचे गणवेश शिवले जात होते. १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून सुमारे ऐंशी यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३४ च्या सुमारास टोकाला भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका साधला. पण पेटंट घेतले नाही. हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायांचे काय होईल, या विचाराने त्याच्या घरातूनच विरोध झाला असे म्हणतात. पुढे १८४६ मध्ये इलायस हाऊ याने पेटंट घेतले, आणि सिंगरवर दावा लावून १८५४ मध्ये पंधरा हजार डॉलर वसूल केले. शेवटी १८५६ मध्ये हाऊ, सिंगर आणि आणखी दोन कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र केली आणि भांडण मिटवून पैसा वाटून घेतला.

माणूस म्हणून सिंगर कसा होता? चांगला नव्हता. आजारी झायबरला तू काही वाचत नाहीस अशी भीती घालून त्याने त्याचा हिस्सा स्वस्तात लिहून घेतला. फेल्प्सलाही बाजूला सारले. बायकांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. एकाच वेळी त्याचे अनेक संसार वेगवेगळ्या नावांनी चालले होते. १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या हमरस्त्यावर त्याच्याबरोबर दुसरीच बाई बग्गीत बसलेली मेरी ॲन स्पॉन्सलर हिने पाहिली. पंचवीस वर्षे त्याच्याशी संसार केलेली, त्याची मुले वाढवलेली ही बाई. तिने रस्त्यातच आरडाओरडा केला; त्याने घरी जाऊन तिला मारहाण केली, प्रकरण कचेरीत गेले आणि सिंगर युरोपला पळाला. त्याची एकूण अपत्ये जवळजवळ दोन डझन भरतात.

इथे महात्मा गांधींची आठवण होते. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये दिल्लीतील एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद मानले. पत्नी हाताने शिवण्याचे कष्ट उपसते हे पाहून तिच्या प्रेमापोटी सिंगरने यंत्र केले, अशी त्यांची समजूत होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून टिळकवाडीत आले. ते अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. सिंगरच्या बायकोची गोष्ट इतिहासाला धरून नाही. तो पैशासाठीच यंत्राकडे वळला. पण यंत्र बाईचे कष्ट हलके करते की नाही, हा गांधीजींचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. त्या काळच्या एका मोजणीत पुरुषाचा सदरा हाताने शिवायला चौदा तासांहून अधिक लागले आणि यंत्रावर सव्वा तास. अर्थात सदरे भराभर होऊ लागल्यावर मजुरीवर शिवणाऱ्या बायांचा नगामागचा दर खाली आला, तेही लिहिले पाहिजे. माझी आई बिड्या वळते. हजारी म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत रस वाटेल तो भाग. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील होता, शांत आणि हिशेबी. यंत्राची किंमत सव्वाशे डॉलर आणि साध्या कुटुंबाची वर्षाची मिळकत पाचशेच्या आसपास. घेणार कोण? क्लार्कने १८५६ मध्ये तोड काढली. थोडी रक्कम आधी द्या, यंत्र घरी न्या, बाकी महिन्याच्या हप्त्याने फेडा. फेडून होईपर्यंत मालकी कंपनीची. आपण जमाखर्चाच्या तासाला ज्या हायर पर्चेसची गणिते घासतो, तिचा मोठ्या प्रमाणावर प्रसार इथून झाला. १८५५ मध्ये ८८३ यंत्रे खपली होती, १८५६ मध्ये २,५६४. शिवाय दुकानाच्या काचेमागे बाईला बसवून शिवून दाखवायचे आणि गिऱ्हाइकाला शिकवायचे, हीही सिंगरच्या धंद्याची रीत. शिकवल्याशिवाय यंत्र खपत नाही. आपल्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकली विकायला सुरुवात केली तेव्हा त्यांनाही चालवायला शिकवावे लागले होते. जुनी यंत्रे बदल्यात घेऊन क्लार्क ती मोडून टाकी, जेणेकरून बाजारात जुना माल उरू नये.

हे वाचत असतानाच आमच्या घरी यंत्राचा प्रश्न आला होता. बहीण शाळेतून आली की आईशेजारी बसून बिडीला दोरा बांधायला शिकू लागली होती. आईने तिच्या हातातले सूप काढून घेतले आणि अण्णांना म्हणाली की मशीन बघा. एका दुकानात भरतकाम करणारे विजेचे यंत्र पसंत पडले. रोख चौदा हजार पाचशे. नाहीतर अडीच हजार आधी आणि साडेबाराशेचे बारा हप्ते. दुकानदार म्हणाला, तीन हजारच जास्त. मी वहीत मांडले. उधारी बारा हजारांची, पण ती दर महिन्याला कमी होत जाते. सरासरी धरली तर वर्षभर साडेसहा हजारच आपल्याकडे राहतात. त्यावर तीन हजार म्हणजे शेकडा शेहेचाळीस! अण्णांनी वही दोनदा पाहिली. मग गप्प बसले.

शिंपीमामांचे म्हणणे निराळेच होते. पोरीला पहिल्यांदा मोटर नको, पाय दाबला की कापड पळते आणि बोट सुईखाली जाते. हातमशीन सावकाश चालते, पण एक हात चाकावर अडकतो आणि कापड धरायला एकच उरतो. पायमशीनवर दोन्ही हात मोकळे, आणि वेग आपल्या पायात. खेळण्यातले प्लास्टिकचे मशीन तर घेऊच नये. त्याचा एकदोऱ्याचा टाका शेवटी ओढला की सगळा उसवतो. जुने घेताना चाक हाताने फिरवून पाहायचे, कुठे अडते का. बॉबिन काढून बघायचे, बाजारात तसले मिळते का विचारायचे. आणि दोन तुकडे जोडून, ओढून बघायचे. असे पारखून त्यांनीच ओळखीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याचे हे मेरिट मिळवून दिले, रोख पैशात. क्लार्कच्या हातोड्यातून सुटलेले एक म्हणा ना!

सिंगरचे पुढे काय झाले? १८६३ मध्ये भागीदारी मोडून सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी झाली आणि तो कारभारातून बाजूला झाला. त्याच वर्षी इझाबेला बॉयर हिच्याशी लग्न केले, काही काळ पॅरिसमध्ये राहिला, मग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंटन येथे मोठा वाडा बांधायला घेतला. त्यात नाटकगृहाचीही सोय ठेवली होती, यावरून त्याची हौस मेली नव्हती असे दिसते. २३ जुलै १८७५ रोजी तो तिथे वारला. मागे एक कोटी डॉलरहून बरीच अधिक इस्टेट आणि वारसांची कज्जेदलाली राहिली. यंत्रे मात्र जगभर पोचली. आपल्या देशात मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी पटेल यांनी सिंगरच्या विक्रीचे जाळे पसरले, आणि मराठीत शिंपी, कन्नडात सिंपिगा, दोघांच्याही ओसरीवर तेच काळे यंत्र आले.

बहिणीने पहिले पंधरा दिवस दोरा न ओवता वहीच्या रेघांवर नुसती सुई चालवली. मग आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ जोडायला घेतली. शेजारच्या कन्नड आजी तिला कौदी म्हणतात आणि टाके मोजून दाखवतात. परवा तिने पुन्हा विचारले, मग तो मेरिट चांगला माणूस होता का? मी सगळे खरे सांगितले, बायकोला मारल्याचेसुद्धा. तिने थोडा विचार केला आणि बॉबिन भरायला घेतले.