मिस एडिथ कॅव्हेल

मिस एडिथ कॅव्हेल ह्यांचा जन्म इ. स. १८६५ सालीं इंग्लंडांतील नॉरफोक परगण्यांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. १८९६ सालीं त्या लंडन हॉस्पिटलांत शुश्रूषा शिकूं लागल्या, व १९०७ सालीं ब्रुसेल्स येथील परिचारिकांच्या शाळेच्या मुख्य झाल्या. त्यांची शिस्त कडक असे. न्याहारीच्या वेळीं त्या टेबलावर घड्याळ ठेवीत. उशिरा येणारीस जादा काम करावें लागे.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां त्या स्वदेशीं आईजवळ होत्या; तरी तत्काळ कामावर परतल्या. जखमी जर्मन शिपायांचीहि शुश्रूषा त्यांनीं आपपरभाव न ठेवितां केली. शत्रूच्या प्रदेशांत अडकलेल्या सुमारें २०० जणांस त्यांनीं हॉलंडांत निसटून जाण्यास साह्य केलें. ह्याबद्दल खटला झाला. न्यायासनापुढें त्यांनीं कांहीं लपविलें नाहीं. त्यांची कबुलीच त्यांच्याविरुद्ध मोठा पुरावा ठरली. १२ ऑक्टोबर १९१५ रोजीं पहांटे त्यांना गोळ्या घालण्यांत आल्या. शत्रूविषयीं कटुता न बाळगतां त्या मरणास सामोऱ्या गेल्या.

मुलींनो, औषधपाण्याचें ज्ञान पुस्तकांतून मिळेल. परंतु नियमितपणा, दया व सत्यनिष्ठा ह्यांची संवय आजपासूनच लावून घेतली पाहिजे. कसोटीची वेळ सांगून येत नाहीं.