विवेकानंदांचा ध्यानयोग : रायपूर ते बेलूर

नवा रायपूरलगतच्या माना येथील विमानतळास २०१२ साली स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. या नामकरणामागे त्यांच्या चरित्रातील एक लहानसे, परंतु अर्थपूर्ण पर्व आहे. कलकत्त्यास १८६३ साली जन्मलेले नरेंद्रनाथ दत्त १८७७ मध्ये नागपूरमार्गे बैलगाडीने रायपूरला, वडील विश्वनाथबाबूंकडे आले. वाटेत विंध्याच्या कड्यातील भेगेत लोंबणारे प्रचंड मोहोळ पाहताना या किशोराचे बाह्यभान हरपले, असे चरित्रकार नमूद करतात. रायपुरात तेव्हा योग्य शाळा नव्हती. वडिलांशी होणारी चर्चा हेच त्यांचे शिक्षण झाले. १८७९ मध्ये ते परतले.

अवचित लाभलेल्या त्या तन्मयतेचे पुढे साधनेत रूपांतर झाले. १८८६ मध्ये काशीपूर येथे त्यांनी अखंड समाधिसुखाची इच्छा व्यक्त केली, तेव्हा श्रीरामकृष्णांनी ती संकुचित ठरवून त्यांना लोकांकडे वळविले. त्यांच्या जीवनातील निर्णायक वळण हेच होय.

ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगरहस्य मराठीत खुले केले होते. विवेकानंदांनी १८९६ च्या ‘राजयोग’ या इंग्रजी ग्रंथात पतंजलीची सूत्रे विवरून तेच कार्य जगाच्या व्यासपीठावर केले. योगाला गूढतेच्या आवरणातून काढून अनुभवाच्या कसोटीवर आणले. १८९७ मध्ये त्यांनी रामकृष्ण मिशन स्थापिले आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात प्लेगनिवारणाचे कार्य आरंभिले. ४ जुलै १९०२ रोजी, बेलूर मठात, ध्यानानंतर त्यांनी देह ठेवला. मोहोळापाशी हरपलेले भान त्यांनी लोकसेवेत पुन्हा मिळविले. त्यांच्या योगाची पूर्तता तेथे झाली.